पडवीतलं पेट्रोल आणि रुसलेला जनरेटर

खेड्यातल्या घरात पेट्रोल किती ठेवायचं, कशात ठेवायचं आणि त्यावर चालणारी यंत्रं पावसाळाभर कशी धड ठेवायची, हे सगळं एका जागी सांगणारं मला कुणी भेटलं नाही. एप्रिल ते दिवाळी २०२५ या काळात थोडं मेस्तरीकडून, थोडं वायरमनकडून, थोडं कायद्याच्या पुस्तकातून असं गोळा करत गेले. हे काम ज्यांच्या गळ्यात अचानक पडलंय, त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

आमचा मळा गिरणारेच्या पुढे. मी नाशकात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचे, निवृत्तीनंतर सासूबाईंजवळ राहायला आले. यंत्रांचं सगळं धाकटे दीर बघायचे. गुढीपाडवा झाला आणि ते मुलाकडे पुण्याला गेले. जाताना किल्ल्यांचा जुडगा हातात देऊन म्हणाले, "वहिनी, चोक द्यायचा, दोरी मारायची, झालं." एवढ्या प्रशिक्षणावर माझ्याकडे एक पेट्रोल जनरेटर, एक टू-स्ट्रोक गवत कापायचं मशीन, फवारणीचा एचटीपी पंप आणि केरोसीनवर चालणारं एक जुनं इंजिन एवढी दौलत आली.

ही सगळी पडवीत होती. शेजारी फळीखाली प्लास्टिकच्या दोन कॅनमध्ये मिळून वीसेक लिटर पेट्रोल. एका कॅनवर अजून सोयाबीन तेलाचं लेबल होतं. भाऊजींना फोन केला तेव्हा कळलं की हे पेट्रोल जानेवारी २०२४चं. त्या महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला टँकरचालकांचा संप होता. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंमधून टँकर निघेनात आणि नाशकात पंपांवर रांगा लागल्या होत्या. तेव्हा भरून आणलेलं तसंच राहिलं. म्हणजे सव्वा वर्षाचं पेट्रोल.

आणि त्याच पडवीच्या दुसऱ्या टोकाला सासूबाईंचा बंब. रोज पहाटे पाचला पेटतो.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचं आपोआप सुचतं. जळते ती वाफ. ही वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी निघते, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही थंडीत ती निघतच असते. शिवाय ती हवेपेक्षा तीन-चार पट जड. वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पसरते आणि उताराच्या दिशेला जाते. आमच्या पडवीचा उतार मोरीकडे, म्हणजे बंबाकडे.

सासूबाई म्हणाल्या, "तीस वर्षं बंब तिथंच आहे गं. काही झालंय का?"

मी म्हटलं, "आई, बंब राहू द्या तिथंच. पेट्रोल हलवते."

यावर त्यांची हरकत नव्हती. भांडण बंबावरून झालं असतं, पेट्रोलवर कुणाची माया नसते. त्याच संध्याकाळी दोन्ही कॅन घरापासून लांब, बांधाकडच्या सावलीत नेऊन ठेवले आणि सालदाराला बजावलं की तिकडे बिडी ओढायची नाही.

मग प्रश्न आला कायद्याचा. गावात दोन मतं. एक, घरात पेट्रोलचा थेंबही ठेवला तर पोलिस केस. दुसरं, शेतकऱ्याला सगळं माफ. तालुक्याच्या एका कार्यालयात विचारायला गेले, तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आणि तिथून 'साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या'. सोमवारी साहेब भेटले आणि म्हणाले, "मॅडम, घरगुती वापराला कोण विचारतंय?" उत्तर सोयीचं होतं, पण त्यावर घर ठेवता येत नाही. शेवटी पेट्रोलियम कायदा, १९३४ स्वतःच वाचला. इंटरनेटवर फुकट मिळतो आणि वाटतो तेवढा अवघड नाही.

त्यात पेट्रोलियमचे वर्ग केलेत. ज्याचा ज्वलनबिंदू, म्हणजे पेट घेण्याइतकी वाफ ज्या तापमानाला निघू लागते तो फ्लॅश पॉइंट, २३ अंश सेल्सिअसच्या खाली ते 'अ' वर्गात, म्हणजे आपलं पेट्रोल. २३ ते ६५च्या दरम्यानचं 'ब' वर्गात, म्हणजे डिझेल. कलम ८ असं सांगतं की विक्रीसाठी नसलेलं 'अ' वर्गाचं इंधन एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं. पण पुढची ओळ महत्त्वाची आहे आणि ती कुणी सांगत नाही: ते घट्ट बुचाच्या भांड्यातच हवं, भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर १ लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. म्हणजे आमचा साठा मापात बसत होता, कॅन बसत नव्हते. डिझेलला सूट पुष्कळ मोठी आहे, २५०० लिटरपर्यंत, फक्त एकही भांडं १००० लिटरच्या वर नको. वाहनं आणि बसवलेल्या इंजिनांच्या मालकांसाठी कलम ९मध्ये वेगळी तरतूद आहे. त्यात मी शिरले नाही, कारण मला तीस लिटरही नको होते. यापलीकडे परवाना लागलाच तर तो विषय 'पेसो'कडे जातो, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या केंद्राच्या स्फोटक सुरक्षा खात्याकडे.

एप्रिलच्या शेवटी, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात, गवंडी लावून घरापासून चाळीसेक फुटांवर विटांचा एक छोटा कप्पा बांधून घेतला. वर पत्रा, पुढे जाळीचं दार आणि कुलूप. गवंड्याने सवयीने झरोका वर ठेवला होता. वाफ खाली साचते म्हणून जमिनीलगतही जाळी लावायला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "बाई, साप शिरंल." मग बारीक जाळी लावली. मजुरी-सामान धरून ६,५०० रुपये. १० लिटरचा पत्र्याचा कॅन १,९००. चार किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक १,७५०. तो कप्प्यात न ठेवता घराच्या दाराशी टांगलाय, आग कप्प्यात लागली तर तिथला हाताला लागणार नाही. शेजारी वाळूच्या दोन बादल्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला, सालदाराच्या पोरांनाही सांगून ठेवलं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरत जाते.

कॅन घेऊन पंपावर गेले तर पोऱ्याने नोझल उचललाच नाही. 'बाटली किंवा कॅनमध्ये पेट्रोल मिळणार नाही' असा फलक समोरच. हुज्जत घातली नाही, आत मॅनेजरकडे गेले. कॅन धातूचा, झाकण आट्यांचं, हे त्यांनी बघितलं. आधारची प्रत, सातबाऱ्याची प्रत आणि कशासाठी हवंय त्याचा दोन ओळींचा अर्ज मागितला. अर्ज तिथेच कागद मागून लिहिला, पण सातबारा जवळ नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आता वहीत सही केली की देतात. वातावरण तापलेलं असलं, बंद किंवा संप असला की देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. प्रत्येक पंपाची रीत वेगळी असते, तेव्हा एकच पंप धरून ठेवलेला चांगला. भरताना कॅन गाडीत किंवा डिकीत न ठेवता जमिनीवर ठेवायचा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकवायचा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. आणि गळ्यापर्यंत भरायचा नाही, उन्हात पेट्रोल फुगतं. एसटीने तर न्यायचाच नाही, तिथे मनाई आहे. आमच्याकडे भाव १०४-१०५ रुपयांच्या आसपास होता. मी पाच लिटरच्या वर कधी आणत नाही.

एवढं कमी का, ते जुन्या पेट्रोलने शिकवलं. सोयाबीनच्या कॅनमधलं थोडं पेट्रोल काचेच्या उभ्या भांड्यात ओतलं. रंग फिकट चहासारखा झालेला, वास पेट्रोलपेक्षा व्हार्निशकडे झुकलेला आणि तळाशी गढूळ असा वेगळा थर. भांडं हलवलं की तो थर जाडसर हलायचा, वरच्यात मिसळायचा नाही. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. ओलावा मर्यादेच्या बाहेर गेला की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून खाली बसतात. झाकण सैल, त्यात गिरणारेकडचा पावसाळा, दुसरं काय होणार?

मग नव्या पेट्रोलवर शाळेतला जुना प्रयोग केला. अंगणात, बंब विझल्यावर. शंभर मिलिच्या मोजपात्रात १० मिलि पाणी, वर ९० मिलि पेट्रोल, तोंड बंद करून हलवायचं आणि दहा मिनिटं ठेवून द्यायचं. खालचा थर १०वरून २७-२८च्या खुणेपर्यंत चढला. पाणी वाढलं नव्हतं, पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरलं होतं. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय हे वाचलं होतं, पण भांड्यात बघितलं तेव्हा कळलं की भाऊजी दहा वर्षांपूर्वी जसं पेट्रोल साठवायचे, ते पेट्रोलच आता राहिलेलं नाही. तिकडे येवल्याचे नातेवाईक मक्याला इथेनॉलमुळे गिऱ्हाईक मिळालं म्हणून खूश असतात. ते खूश राहोत. पण छोट्या इंजिनात हे पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवायची चीज नाही. मी महिन्याच्या आत संपवते. कॅनवर कागदी चिकटपट्टी आणि तारीख. तारीख उलटली तर उरलेलं मोटरसायकलच्या भरलेल्या टाकीत थोडं थोडं घालून टाकायचं.

सव्वा वर्षाच्या पेट्रोलचं तसं करता येण्यासारखं नव्हतं. ते ओढ्यात, बांधावर किंवा मोरीत ओतायचा सल्ला मला निदान चार जणांनी दिला. आमची विहीर तीस फुटांवर आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. शेवटी मेस्तरीने ते नेलं. वरचं स्वच्छ पेट्रोल सुटे भाग धुवायला आणि खालचा गाळ त्याच्या जुन्या ऑईलच्या पिंपात. ते पिंप नेणाऱ्याकडे पुनर्प्रक्रियेचा परवाना आहे का, हे विचारून घेतलं. आहे म्हणाला, पावतीही दाखवली.

मे महिन्यात खरी परीक्षा आली. त्या वर्षी वळवाने कहर केला. मान्सून तर २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, पण त्याच्या आधीच आमच्याकडे रोज दुपारी आभाळ फुटायचं आणि वीज जायची. जनरेटरची दोरी ओढून खांदा भरून आला, पण तो काही चालू झाला नाही. पिकअपमध्ये घालून मेस्तरीकडे नेला.

त्याने दहा नंबरचा पाना घेऊन कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, वाटी उघडली. आत तळाशी हिरवट-पांढरा बुरा जमलेला, मिठासारखा कुरकुरीत. पेट्रोल ज्याच्या बारीक भोकातून जातं तो मधला पितळी जेट काढून त्याने उजेडाकडे धरला आणि माझ्या हातात दिला. "बघा बाई, दिसतंय भोक?" दिसत नव्हतं. मग विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार काढून ती हळूहळू फिरवत आत घातली. टाचणी का नाही, असं विचारलं, तर म्हणाला, "टाचणीने भोक मोठं होतं. मग इंजिन पेट्रोल पितं आणि काळा धूर मारतं." पुन्हा उजेडाकडे धरला तेव्हा सुईच्या अग्राएवढा प्रकाश दिसला. त्या एवढ्याशा भोकासाठी घरात चार दिवस अंधार होता. वाटीचं रबरी वायसर फुगून सैल झालं होतं. ते नाशकातून मागवायला आणखी चार दिवस गेले. प्लग नवीन, ऑईल नवीन, सगळं मिळून १,४५० रुपये.

तेव्हापासूनचा नियम त्यानेच घालून दिला. काम झालं की किल्लीने बंद करायचं नाही. पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं. वाटी कोरडी राहिली की बुरा जमत नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास जनरेटर चालवायचा, आणि तोही फ्रिज-पंख्याचा भार देऊन. ऑईल पहिल्यांदा वीसेक तासांनी, नंतर यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलंय त्याप्रमाणे. ते बघताना यंत्र सपाट जागेवर हवं. स्पंजचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुवून, सुकवून, दोन थेंब ऑईल लावून पिळून बसवायचा. प्लग काढून रंग बघायला शिकले: विटकरी-तपकिरी म्हणजे ठीक, काजळी धरलेला म्हणजे आधी फिल्टर बघा. तारखा आणि तास भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, वेगळी वही कुठेतरी हरवते.

जनरेटर चालू झाला तसं शेजारच्याने सुचवलं, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून सॉकेटमध्ये घाला, सगळं घर उजळेल. आमच्या भागाचा वायरमन नेमका तेव्हा ओट्यावर चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "ताई, लाइन बंद आहे म्हणून मी खांबावर चढतो. तुमच्या घरातून उलटा करंट आला तर मी खाली येईन, पण चालत नाही." ट्रान्सफॉर्मर उलटा चालून वरच्या तारांत हजारो व्होल्ट जातात, हे त्याने मला दोन वाक्यांत समजावलं, पुस्तकातल्यापेक्षा चांगलं. मग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेतला, म्हणजे घर एका वेळी एक तर लाइनला, नाहीतर जनरेटरला जोडलेलं राहतं. २,४०० रुपये. त्याचा टेस्ट रिपोर्ट जोडून वीज कार्यालयात एक पत्र दिलं आणि पोच घेतली. पत्राची गरज होती का, यावर तिथल्या दोघांचं एकमत नव्हतं. मी शिक्का मारून घेतला आणि निघाले. जनरेटर पडवीत किंवा खिडकीखाली कधीच चालवायचा नाही, हेही इथेच सांगते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही. आमचा आता कोठीच्या मागे, वारा घराकडून बाहेर जातो त्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली असतो.

जूनमध्ये गवत गुडघ्याला लागलं. टू-स्ट्रोक मशीनला ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, आणि किती ते प्रत्येकजण वेगळं सांगतो. मशीनच्या पुस्तिकेत असेल तेच खरं. १:५० म्हणजे लिटरला २० मिलि, १:२५ म्हणजे ४० मिलि. आमच्या मशीनला यातलं दुसरं, १:२५चं माप लागतं. औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण मी यासाठी ठेवलंय, त्यावर कायमच्या शाईने फुली मारलीय. मिसळलेलं पेट्रोल एक लिटरच्या वर करत नाही. पहिल्या आठवड्यात टाकीतली नळी टणक होऊन तडकलेली निघाली, हाही इथेनॉलचाच प्रताप, असं मेस्तरी म्हणतो. नळी आणि टाकीतला छोटा फिल्टर ३८० रुपये. गरम मशीनमध्ये पेट्रोल भरायचं नाही, दहा मिनिटं चहा घ्यायचा. खाली पात्याजवळच्या गिअरला ग्रीस लागतं, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

उंदीर आणि कुंभारीण माशी यांचा उल्लेख पुस्तिकेत नसतो. गणपतीच्या आसपास एचटीपी पंप चालू होऊन लगेच दम तोडायला लागला. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारणीने चिखलाचं व्यवस्थित घर बांधलं होतं. तेव्हापासून नळकांड्यांच्या तोंडाला कापडी बोळा असतो, लाल रंगाचा, म्हणजे चालू करताना विसरत नाही.

दिवाळीनंतर गवत कापायचं मशीन सहा-सात महिन्यांसाठी बंद करून ठेवलं. टाकी रिकामी, इंजिन कोरडं होईपर्यंत चालवलेलं, प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑईल, दोरी हळूच दोनदा ओढली आणि प्लग परत. जनरेटरचं असं करत नाही, तो कधीही लागतो.

एकूण खर्च साडेचौदा हजारांच्या आत राहिला, त्यातला निम्म्याला थोडा कमी फक्त त्या विटांच्या कप्प्याचा. तो नको असेल तर हवा खेळती असलेली, घरापासून आणि चुलीपासून लांबची कुठलीही कुलपातली जागा चालेल. बॅटरीवरचं गवत कापायचं मशीनही नाशकात जाऊन बघून आले. हलकं आहे, आवाज कमी. पण आमच्या बांधाचं गवत एका चार्जिंगमध्ये उरकणार नाही आणि दुसऱ्या बॅटरीची किंमत ऐकून परत आले. केरोसीनचं इंजिन अजून कोठीत आहे. त्याची टाकी रिकामी करून घेतली. भंगारात द्यायचं की नाही यावर सासूबाई आणि भाऊजी यांचं फोनवर चाललंय.